चाकामागचा दगड

यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर
माझा छोटा हत्ती मागे सरकला.
बारा हात असेल, जास्त नाही.
पण मागे बामणोलीची एसटी होती
आणि एसटीत सगळा गाव.

फाळका उघडला.
वीस लिटरचे अकरा जार
शाळा सुटल्यासारखे उताराला लागले.
दोन फुटले. एक पार बोगद्यापर्यंत गेला म्हणतात.
मी बघितलं नाही,
मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.
"वहिनी, घाटाला आंघोळ घातलीत!"
कुणीतरी म्हणालं,
आणि खिडकी-खिडकीतून हसू उतरलं.

मग चार महिने
गाडी गोडोलीत, पत्र्याच्या शेडखाली.
पगारी ड्रायव्हर ठेवला, तो पगाराएवढंच डिझेल प्यायचा.
मी म्हणायचे, गुडघा दुखतो.
डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला.
फोटोत भीती येत नाही.

बाबालाल मुलाणी पाण्याला आले.
मेढा डेपोत छत्तीस वर्षं गाडी मारलेले,
रिकामा जार उलटा करून त्यावर बसले.
मी सांगायला लागले,
कोण हसलं, किती हसलं,
रात्री कसं सगळं परत दिसतं.
ते म्हणाले, "लाज ऱ्हाऊ दे. पाय सांग.
आधी कंचा उचललास?"

मला आठवेना.
खिडकीतल्या म्हाताऱ्याची मिशी आठवत होती,
एका पोरीची लाल रिबीन, कंडक्टरची शिट्टीसुद्धा.
चार महिने रोज रात्री तोच घाट,
आणि त्यात माझे पायच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघालो.
मी म्हटलं, जार रिकामे घेऊ.
"रिकाम्या गाडीला घाट कळत न्हाई."
तिसऱ्या वळणावर थांबवली.
त्यांनी कडेचा दगड आणला, मागच्या चाकाला लावला,
हातभर जागा ठेवून.
"आता चूक. मुद्दाम. पायाकडं बघत."

चुकले.
उजवा पाय ब्रेकवरून सुटला होता
आणि डावा अजून क्लच तळापर्यंत दाबून.
इंजिन चालू, पण चाकाशी त्याचा अबोला.
त्या दिवशी आरशात एसटीचं तोंड मावेना,
म्हणून घाई. एवढंच?
एवढंच. चार महिन्यांची लाज,
आणि कारण वीतभर,
दोन पेडलांच्या मधलं.

"क्लच हळू वर आण. गाडी थरथरल.
तवा ब्रेक सोडायचा, त्याच्या आधी न्हाई."

आठ वेळा दगडावर आदळले.
नवव्यांदा गाडी बंद पडली, दहाव्यांदाही.
मग तळव्याखाली ती थरथर आली,
बोनेटमधून, सीटमधून, पार माझ्या दातांत.
आजवर मी तिला
थांब म्हणणारी समजत होते.
ब्रेक सोडला.
हत्ती पुढे गेला.

बाबालाल शाबास म्हणाले नाहीत.
"उतर. दगड उचल.
आपन चढलो म्हनून रस्त्यात टाकून जायचा न्हाई,
मागनं येनारा त्यावरच पडतो."
दगड उचलला. जड होता, रबराचा वास येत होता.
कठड्यापाशी ठेवला,
गरज पडलेल्याचा हात पोचेल असा.

गेल्या मंगळवारी परत सरकली. दोन हात.
धुकं होतं, मागे जीप होती, हॉर्न होता.
कासच्या हॉटेलवाल्याला एक जार कमी दिला
आणि रात्री वहीत लिहिलं:
तिसरं नव्हे, पाचवं वळण. उजवा पाय, पुन्हा लवकर.
जार एक. रुपये वजा.

लाजेचा रकाना आखायचा होता खरं तर.
पट्टी सापडली नाही.